दूरचलित फ्लॅश

छायाचित्र घेताना विषयावर क्षणभर तीव्र प्रकाश टाकणाऱ्या साधनास फ्लॅश किंवा क्षणदीप म्हणतात. तो कॅमेऱ्यावर न बसविता दूर ठेवून, शटर उघडताच चेतविण्याच्या पद्धतींचा, विशेषतः अल्पखर्चाच्या पद्धतींचा, येथे परामर्श घेतला आहे. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचा प्रकाश भिंगाच्याच दिशेने पडतो. त्यामुळे छाया विषयामागे लपतात, चेहरा सपाट दिसतो आणि पार्श्वभूमी काळीकुट्ट येते. तोच दिवा हातभर बाजूला व थोडा उंच धरला की, चेहऱ्याची उंचसखलता व कापडाचा पोत उमटू लागतो. अडचण एवढीच की, शटर उघडल्याची वर्दी दूरच्या दिव्यास सेकंदाच्या काही सहस्रांशांत पोचली पाहिजे.

प्रारंभी फ्लॅश कॅमेऱ्याहून अलगच होता, ही गोष्ट सहसा विसरली जाते. मॅग्नेशियमाच्या ज्वलनाचा प्रकाश छायाचित्रणास उपयुक्त ठरेल, असे बन्सन व रॉस्को या शास्त्रज्ञांनी १८५९ मध्ये सुचविले. १८६४ मध्ये मँचेस्टर येथे ॲल्फ्रेड ब्रदर्स यांनी मॅग्नेशियमाची फीत जाळून व्यक्तिचित्र घेतले. १८८७ मध्ये जर्मनीत आडोल्फ मीटे व योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियम, पोटॅशियम क्लोरेट व अँटिमनी सल्फाइड यांच्या मिश्रणाची स्फोटक भुकटी प्रचारात आणली. ही वापरताना अंधारात भिंगावरील झाकण काढून ठेवीत, भुकटी पेटवीत व झाकण परत लावीत. येथे कॅमेऱ्याने दिव्यास वर्दी देण्याचा प्रश्नच नव्हता, कारण प्रकाशनाचा काळ भुकटीच्या भडक्यानेच ठरे. न्यूयॉर्कमधील वृत्तपत्रकार जेकब रीस (१८४९–१९१४) यांनी याच भुकटीच्या साहाय्याने गरीब वस्त्यांतील काळोख्या खोल्यांची चित्रे घेतली व १८९० मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. पिस्तुलासारखे दिसणारे उपकरण पाहून रहिवासी घाबरत, म्हणून ते पुढे साध्या तव्यावर भुकटी पेटवू लागले. या खटाटोपात त्यांच्याकडून घराला आग लागल्याचेही प्रसंग घडले. स्वस्त साधनाची किंमत अशी इतर मार्गांनी चुकवावी लागणे, हे या विषयाच्या इतिहासात पुढेही आढळते.

१९२९-३० च्या सुमारास जर्मनीत काचेच्या बंद फुग्यात ऑक्सिजन व ॲल्युमिनियमाचा पातळ वर्ख भरलेला फ्लॅश बल्ब विक्रीस आला. तो दोन-तीन शुष्क विद्युत् घटांवर पेटे. धूर व आगीचा धोका बव्हंशी टळला. मात्र वर्ख पूर्ण तेजाने जळण्यास सु. २० मिलिसेकंद लागत असल्याने बल्बास आधी विद्युत् प्रवाह देऊन शटर किंचित उशिरा उघडण्याची योजना करावी लागली. शटर व दिवा यांची सांगड यांत्रिक झाली आणि दिवा कॅमेऱ्याच्या कुशीत येऊन बसला. तथापि दोन पदरी तार लांबविली की, तो हवा तेथे नेता येई. या साध्या तारेची ताकद विन्स्टन लिंक (१९१४–२००१) यांनी दाखविली. १९५५ ते १९६० या काळात त्यांनी अमेरिकेतील नॉर्फोक अँड वेस्टर्न रेल्वेच्या वाफेच्या एंजिनांची रात्री छायाचित्रे घेतली. त्यांपैकी १९५६ मधील एका प्रसिद्ध चित्रासाठी चाळीसहून अधिक बल्ब एकाच क्षणी उडविले होते. बल्ब एकसरीत जोडलेले असल्याने एक निकामी असला तरी एकही पेटत नसे; गाडी तर पुन्हा मागे येणार नसे.

मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये हॅरल्ड एजर्टन (१९०३–९०) यांनी १९३१ पासून विकसित केलेल्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशने बल्ब हळूहळू मागे पडला. यात धारित्रात साठविलेली विद्युत् ऊर्जा झेनॉन वायूच्या नळीतून एकदम सोडली जाते. उदा., १,००० मायक्रोफॅराडचे धारित्र ३३० व्होल्टपर्यंत भारित केल्यास सु. ५४ जूल ऊर्जा मिळते आणि ती सेकंदाच्या सहस्रांशाच्या आसपास खर्ची पडते. नळीतील वायू मात्र आधी काही हजार व्होल्टच्या स्पंदाने वाहक करावा लागतो. त्यासाठी एका लहान धारित्रातील भार कॅमेऱ्यातील स्पर्शकांमधून रोहित्रात सोडीत. परिणामी जुन्या फ्लॅशमध्ये कॅमेऱ्याच्या स्पर्शकांवर दोनशेहून अधिक व्होल्टचा दाब असे. धातूच्या पट्ट्या असलेल्या जुन्या कॅमेऱ्यांना तो सोसे. पुढे स्पर्शकांची जागा अर्धसंवाहक मंडलांनी घेतल्यावर हाच दाब घातक ठरला. आंतरराष्ट्रीय मानकाने नंतर २४ व्होल्टची मर्यादा घातली. जुन्या बाजारात मिळणारा भक्कम, शक्तिमान व स्वस्त फ्लॅश महागड्या कॅमेऱ्याचा घात करी, तो यामुळे. व्होल्टमापकाने आधी दाब मोजणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय होय.

तारेच्या टोकास असणारा प्राँटॉर-कॉम्पूर या जर्मन शटरांच्या नावाने ओळखला जाणारा लहान खटका फार प्रचलित झाला. पण तो सैल होऊन गळून पडण्याबद्दलही तितकाच कुप्रसिद्ध आहे. काही दिव्यांना घरगुती विजेच्या खटक्यासारखी दोन पात्यांची जोडणी असे. ती कोठेही मिळे, पण चुकून भिंतीतल्या खोबणीत बसण्याचा धोका उघड होता. हेडफोनसाठी वापरतात तशी ३.५ मिमी. व्यासाची खुंटी या दोहोंहून सरस म्हणावी लागेल.

तारेत लोकांचे पाय अडकतात. त्यावर प्रकाशानेच प्रकाशाला वर्दी देण्याची युक्ती निघाली. दूरच्या फ्लॅशला जोडलेला प्रकाश-ट्रांझिस्टर पहिल्या फ्लॅशचा लखलखाट टिपतो व थायरिस्टर हा अर्धसंवाहक कळीचे काम करतो. मध्ये घातलेले धारित्र सावकाश बदलणारा प्रकाश अडवून केवळ आकस्मिक बदल पुढे जाऊ देते. मोजक्या सुट्या भागांचे हे मंडल हौशी माणूस घरीही जुळवू शकतो. बंद खोलीत ते उत्तम चालते, कारण भिंतींवरून परावर्तित झालेला प्रकाशही त्याला पुरतो. कडक उन्हात मात्र त्याला फारसे दिसत नाही, आणि लग्नमंडपात कोणाही पाहुण्याच्या फ्लॅशने ते चेतते. अंकीय कॅमेऱ्यांनी नवीच अडचण आणली : प्रकाश मोजण्यासाठी हे कॅमेरे आधी एक क्षीण फ्लॅश उडवितात व दूरचा दिवा त्यालाच भुलून शटर उघडण्यापूर्वी रिकामा होतो. म्हणून पहिली चमक सोडून दुसरीस प्रतिसाद देणारी मंडले करावी लागली.

रेडिओ तरंग भिंतीआड जातात व त्यांना उन्हाची बाधा नाही. व्यावसायिक रेडिओ संच विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अमेरिकेत रूढ झाले. पण २००० नंतरही एका नगास दीडशे डॉलरांहून अधिक पडत आणि प्रेषक व ग्राही मिळून निदान दोन लागत. म्हणजे जुना फ्लॅश स्वस्त आणि त्याला द्यायची वर्दी महाग, अशी विपरीत स्थिती होती. ही कोंडी चिनी बनावटीच्या ४३३ मेगॅहर्ट्‌झच्या स्वस्त संचांनी फोडली. ते भरवशाचे नव्हते. भोवतालच्या रेडिओ गोंगाटाने फ्लॅश आपोआप उडे, तर कधी उडतच नसे. शिवाय खुणेचा संकेत ओळखण्यात ग्राहीचा वेळ जाई. पडदा पद्धतीच्या शटरात पहिला पडदा पूर्ण सरकल्यानंतर व दुसरा निघण्यापूर्वीच प्रकाश पडावा लागतो. वर्दीस उशीर झाल्यास चित्राच्या एका कडेला काळा पट्टा येतो.

२०१० च्या सुमारास २.४ गिगॅहर्ट्‌झचे संच स्वस्त झाले. या कंप्रतेची तरंगलांबी सु. १२.५ सेंमी. असल्याने पाव तरंगलांबीची आकाशक तार ३ सेंमी.ची पुरते, ४३३ मेगॅहर्ट्‌झला ती सु. १७ सेंमी. लागते. भारतात हा पट्टा २००५ मध्ये अल्पशक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला होता. पुढे योंगनुओ, गोडॉक्स यांसारख्या चिनी उत्पादकांनी ग्राही फ्लॅशच्या पोटातच बसविला. मात्र प्रत्येक उत्पादकाची रेडिओ भाषा निराळी असून एकाचा प्रेषक सामान्यतः दुसऱ्याचा फ्लॅश चेतवीत नाही. असे भिन्न बनावटीचे दिवे एकत्र वापरताना एक रेडिओने उडवून उरलेले प्रकाशमंडलाने चेतविण्याची जुनी रीतच उपयोगी पडते.