स्लॅबच्या आधीचा पाइप

आपल्याकडे 'स्लॅब पडला' म्हटलं की घर झाल्यातच जमा. नारळ फुटतो, कामगारांना पेढे वाटले जातात, फोटो निघतात. पण त्याच्या आधी गुपचूप उरकलेल्या एका कामाचा फोटो कुणी काढत नाही. तळमजल्याच्या संडासाचा चार इंची पाइप कोबा ओतायच्या आधीच मुरमात पुरून ठेवावा लागतो. वरच्या मजल्यावर त्यासाठी संडासापुरता स्लॅब फूट-दीड फूट खाली सोडतात, त्याला आपले गवंडीही 'संकन' म्हणतात.

आमच्या कुटुंबात सध्या दोन घरांची बांधकामं चालू आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पाइपाला उतार हवा, दहा फुटांना साधारण तीन इंच. भांडं कुठलं घेणार ते आधी ठरवावं, कारण त्याच्या तोंडाचं भिंतीपासूनचं अंतर भांड्याभांड्यात बदलतं. ते मोजताना गिलावा आणि टाइल्सची जाडी धरायची. पाइपाचं तोंड झाकणाने घट्ट बंद करायचं, नाहीतर काँक्रीट आत उतरतं. पाइप पाण्याने भरून रात्रभर ठेवावा आणि सकाळी पातळी बघावी. पूर्वी शहाबादी फरशी उचकटून चूक दुरुस्त करता येई. काँक्रीट तेवढी दयामाया दाखवत नाही.

आता इतिहास. शाळेत मी वर्षानुवर्षं मोहेंजोदडोची गटारं शिकवली. पुस्तकात रस्त्याकडेच्या झाकलेल्या गटारांचं चित्र असे, मुलं ते काढत आणि मार्क मिळवत. मला मात्र तिथल्या भिंतींत बसवलेले भाजक्या मातीचे उभे पाइप जास्त मोलाचे वाटतात. माडीवरचं सांडपाणी त्यातून खाली येई. म्हणजे भिंत रचतानाच त्या गवंड्याला ठाऊक होतं, पाणी कुठून येणार आणि कुठे जाणार. साडेचार हजार वर्षांपूर्वी!

दुसरा मोठा टप्पा लंडनचा. १७७५ साली अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने वाकड्या नळीच्या संडासाचं पेटंट घेतलं. त्या बाकात नेहमी थोडं पाणी साचून राहतं आणि गटाराचा वास घरात शिरू देत नाही. तोच आपला 'ट्रॅप'. तो नसता तर स्वयंपाकघराशेजारी संडास ही कल्पनाच कुणी मान्य केली नसती. आमच्या आजीने तर ट्रॅप असूनही मान्य केली नव्हती!

पण आपल्याकडे संडास घराबाहेर असण्याचं कारण नुसता वास नव्हतं. टोपलीच्या संडासाला मागून एक झडप असे आणि टोपली काढायला माणूस मागच्या बोळातून येई. तो घरातून जाता कामा नये म्हणून बोळ. मुंबईच्या जुन्या वस्त्यांत दोन इमारतींमध्ये जी अरुंद 'हाऊस गल्ली' दिसते, तिचा मूळ उपयोग हाच. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात 'हलालखोर कर' होता, तो याच कामाचा. म्हणजे जातीची सोय घराच्या नकाशातच काढलेली होती. पुढे भुयारी गटारं आली, टोपल्या गेल्या आणि त्याच गल्ल्यांत भिंतींवरून लोखंडी पाइप उतरले.

गावोगावी हे व्हायला फार वेळ लागला. कोकणात आप्पासाहेब पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावं असा आग्रह धरला. त्यांना पाठिंबा म्हणून डिसेंबर १९३२ मध्ये गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपवास केला. सवर्ण कैद्याने ते काम मागून घेणं सरकारला पटत नव्हतं, हे गमतीचं की लाजेचं, तुम्हीच ठरवा. पुढे कणकवलीच्या गोपुरीत आप्पासाहेबांनी मैल्याचं खत होईल अशा साध्या, स्वस्त संडासांचे प्रयोग केले. १९४९ साली मुंबई सरकारने बर्वे समिती नेमली. सफाई कामगारांच्या हालांची चौकशी करून डोक्यावरून मैला वाहणं बंद व्हावं असं तिने सुचवलं. टोपलीच्या संडासांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा मात्र १९९३ चा. त्या वर्षी मी शिकवलेली कितीतरी मुलं स्वतः आईबाप झाली होती.

आमच्या पिढीतल्या पुष्कळांना तो मागचा बोळ आठवत असेल. टोपली नेणाऱ्या बाईचं नाव आठवतं का, असं मी दोन-तीन समवयस्कांना विचारलं. एकालाही सांगता आलं नाही. मलाही नाही.

असो. २०१३ च्या कायद्याने योग्य साधनांशिवाय माणसाला गटारात वा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं हा गुन्हा ठरवला, तरी विषारी वायूने गुदमरून माणसं मेल्याच्या बातम्या येतातच. म्हणून घर बांधणाऱ्या दोघांनाही मी एक पत्र पाठवलं आहे. पाइप जिथे वळतो तिथे, घराबाहेर, तपासणीचं चेंबर हवं. ते फरशीखाली गाडायचं नाही. टाकीचं झाकण अंगणात उघडं राहील असं बघा, त्यावर तुळशीवृंदावन बांधू नका. आणि मैला खेचणाऱ्या गाडीची नळी रस्त्यावरून टाकीपर्यंत पोचते का, ते दोरी लावून आत्ताच मोजा. धाकट्याचं उत्तर आलं. अंतर फार भरतंय, टाकी फाटकाकडे सरकवतोय.