लुसिटानिया : प्रवासी जहाज आणि राज्यसत्ता

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या प्रारंभी अटलांटिक महासागर ओलांडणारी प्रवासी जहाजे ही केवळ वाहतुकीची साधने नव्हती. राष्ट्रांची प्रतिष्ठा व सागरी सामर्थ्य त्यांच्याशी निगडित होते. ‘लुसिटानिया’ या ब्रिटिश जहाजाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १९१५ मधील त्याच्या नाशाची चर्चा विपुल झाली. तथापि त्या नाशावरील वादाचे मूळ १९०३ च्या एका करारात आढळते.

करार व बांधणी

१८९७ नंतर जर्मन जहाजांनी वेगाचा मान ब्रिटनकडून हिरावून घेतला होता. १९०२ मध्ये अमेरिकन भांडवलदार जे. पी. मॉर्गन यांच्या समूहाने व्हाइट स्टार ही ब्रिटिश कंपनी ताब्यात घेतली. या दुहेरी आव्हानामुळे ब्रिटिश सरकारने क्यूनार्ड कंपनीला दोन वेगवान जहाजांसाठी २६ लाख पौंडांचे अल्पव्याजी कर्ज व वार्षिक अनुदान दिले. युद्धप्रसंगी ही जहाजे नौदलास उपलब्ध करून देणे ही अट होती. तोफांची तरतूद आराखड्यातच होती. स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथे बांधलेल्या लुसिटानियाचे जलावतरण ७ जून १९०६ रोजी झाले. वाफेच्या टर्बाइन यंत्रांच्या बळावर ऑक्टोबर १९०७ मध्ये त्याने वेगाचा विक्रम ब्रिटनला परत मिळवून दिला.

युद्ध व नाश

महायुद्धात मात्र कोळशाच्या प्रचंड खपामुळे नौदलाने हे जहाज वापरले नाही. तोफाही बसविल्या नाहीत. प्रवासी वाहतूक चालू राहिली, परंतु कोळसा वाचविण्यासाठी काही बाष्पके बंद ठेवल्याने, ज्या वेगासाठी राज्याने पैसा ओतला तो वेगच उणावला. १ मे १९१५ रोजी न्यूयॉर्कहून निघालेल्या लुसिटानियावर १९०० हून अधिक माणसे होती. मालात लक्षावधी काडतुसेही होती. ७ मे रोजी आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ यू-२० या जर्मन पाणबुडीचा पाणतीर आदळल्यावर जहाज अवघ्या १८ मिनिटांत बुडाले. जहाज एका बाजूस कलल्याने ४८ पैकी केवळ ६ जीवरक्षक नौका सुखरूप उतरविता आल्या. सुमारे १२०० जण मृत्युमुखी पडले. त्यांत १२८ अमेरिकन होते.

निष्कर्ष

जर्मनीने लुसिटानियाला सहायक युद्धनौका ठरविले. ब्रिटनने या कृत्यास निःशस्त्र प्रवाशांची हत्या म्हटले. पहिल्या दाव्यास आराखडा व काडतुसे यांचा, तर दुसऱ्यास तोफांच्या अभावाचा आधार होता. तरीही पूर्वसूचनेवाचून प्रवासी जहाज बुडविणे तत्कालीन युद्धनियमांस धरून नव्हते. या घटनेमुळेच अमेरिका युद्धात उतरली, हा समजही अपुरा आहे. तो निर्णय एप्रिल १९१७ मध्ये झाला. लुसिटानियाचे खरे महत्त्व अन्यत्र आहे. नागरी साधनास राज्यसत्ता युद्धोपयोगी रूप देते, तेव्हा नागरी व लष्करी यांतील सीमारेषा पुसट होते. आणि तिची किंमत करार करणाऱ्यांना नव्हे, तर तिकीट काढणाऱ्यांना मोजावी लागते.