तळटीप : ‘के-एप्सिलॉन’

१४. के-एप्सिलॉन : लेखकाने हा शब्द ओळखीचा धरला आहे, म्हणून थोडे. खडकवासल्यातून पाणी सोडले की लकडी पुलाच्या खांबांमागे भोवरे उठतात. मोठ्यातून लहान, लहानातून आणखी लहान फुटत शेवटी पाण्याच्या चिकटपणात विरतात. प्रत्येक भोवरा मोजायचा म्हटले तर संगणकही हात टेकतो. मग दोनच राशी हाताशी धरतात : खळबळीची ऊर्जा (के) आणि ती विरण्याचा दर (एप्सिलॉन). त्यांवरून सरासरी प्रवाहाला जादा चिकटपणा बहाल करायचा. युक्ती कामचलाऊच, स्थिरांक प्रयोगांशी ताळा घालून बसवलेले, आणि प्रवाह खांबाची पाठ सोडतो नेमका तिथेच अंदाज कच खातो. पुढे येणारी ‘सिंपल’ पद्धत वेगळी, ती समीकरणे सोडवण्याची : दाब अंदाजाने धरा, वेग काढा, वस्तुमानाचा हिशेब जेवढा चुकला तेवढी दुरुस्ती करा, पुन्हा पहिल्यापासून. ती ब्रायन स्पाल्डिंग यांच्यासह १९७२मध्ये मांडणारे सुहास पाटणकर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे पदवीधर. मूळ प्रतीतले ‘पाटनकर’ हे रूप येथे सुधारले आहे. — संपा.