परक्या मुलाचे मैदान

फुटबॉल हा शब्द आपल्या कोल्हापूर जिल्ह्याला नवा नाही. तालीम संघांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम कसे भरून जाते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ निराळा. तेथील चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो छातीशी धरून धावायचे आणि प्रतिपक्षाने धावणाऱ्याला अंगावर येऊन पाडायचे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकता आले नाही, तर चेंडू सोडावा लागतो. कबड्डीतील चढाई आणि पकड ज्याने पाहिली आहे, त्याला या खेळाचे मर्म सहज उमगेल. विसाव्या शतकाच्या आरंभी हा खेळ प्रामुख्याने महाविद्यालयांचा होता. त्याच्या इतिहासात एका स्थलांतरित कारागिराच्या मुलाचे नाव अग्रभागी आहे. ते नाव म्हणजे नूट रॉकनी.

रॉकनीचा जन्म ४ मार्च १८८८ रोजी नॉर्वेतील व्हॉस या गावी झाला. वडील घोडागाड्या बांधीत. ते आधी शिकागोला गेले आणि १८९३ साली कुटुंब त्यांच्यामागून आले. स्वामी विवेकानंदांच्या भाषणामुळे शिकागोचे ते वर्ष आपल्या चांगले स्मरणात आहे. त्याच वर्षी पाच वर्षांचा हा मुलगा त्या शहरात उतरला. इंग्रजी भाषा आणि फुटबॉल तो तेथेच शिकला. माध्यमिक शिक्षण मात्र अपुरे राहिले. पुढे टपाल खात्यात काही वर्षे नोकरी करून त्याने शिक्षणासाठी पैसे साठवले.

१९१० साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो इंडियाना राज्यातील नोत्र दाम विद्यापीठात प्रवेश परीक्षा देऊन दाखल झाला. फ्रेंच धर्मगुरू एडवर्ड सोरीन यांनी ही संस्था १८४२ साली स्थापन केली. ज्या होली क्रॉस संघाचे ते सभासद होते, त्याच संघाचे मिशनरी १८५३ साली आपल्या देशात बंगालमध्ये आले. रॉकनी मात्र कॅथलिक नव्हता, तो लुथरन होता. मित्र तेथे निघाले होते आणि खर्च झेपण्याजोगा होता, एवढेच त्याचे कारण. त्या काळी अमेरिकेतील कॅथलिक म्हणजे बहुतांशी आयरिश, इटालियन आणि पोलिश स्थलांतरित. त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाई. ज्यांना स्वतःलाच परके मानले जात होते, त्यांनी आणखी एका परक्याला दार उघडले.

शिकत असताना रॉकनीने रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केले. तेथील प्राध्यापक फादर ज्युलियस न्यूलँड हेही बेल्जियममध्ये जन्मलेले. त्यांच्याच संशोधनातून पुढे निओप्रीन हे कृत्रिम रबर निर्माण झाले. १९१४ साली रॉकनीने औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेतली. मैदानाने त्याची प्रयोगशाळा हिरावून घेतली नव्हती, हे आपल्या तरुणांनी ध्यानी घ्यावे.

त्याची कीर्ती झाली ती १९१३ साली. चेंडू हाताने पुढे फेकण्याची मुभा नियमांनी १९०६ सालीच दिली होती, आणि सेंट लुईस येथील येशूसंघीयांच्या विद्यापीठाने त्याच वर्षी ती वापरलीही होती. तरी बहुतेक संघ अंगबळावरच विसंबून राहत. १९१३ च्या उन्हाळ्यात रॉकनी आणि त्याचा सहकारी गस डोराय सीडर पॉइंट येथे सरोवराकाठी नोकरीस होते. फावल्या वेळात वाळूवर त्यांनी फेकण्या-झेलण्याचा कसून सराव केला. १ नोव्हेंबर रोजी वेस्ट पॉइंटच्या बलाढ्य लष्करी संघाला नोत्र दामने ३५–१३ असे हरवले. धावता धावता चेंडू झेलणारा रॉकनी त्या संघाचा कर्णधार होता. ही युक्ती त्याने शोधली असे सांगतात, ते खरे नव्हे. तिचे सामर्थ्य देशाला दिसले ते मात्र त्या दिवशी.

१९१८ ते १९३० या काळात तो तेथेच मुख्य प्रशिक्षक होता. त्याच्या संघाने १०५ सामने जिंकले, १२ गमावले आणि ५ बरोबरीत सोडवले. १९२४ साली अमेरिकेने स्थलांतरितांवर कडक निर्बंध घातले. त्याच वर्षी कॅथलिकद्वेष्ट्या कु क्लक्स क्लानची आणि नोत्र दामच्या विद्यार्थ्यांची शहरात चकमक झाली. आणि त्याच वर्षीचा रॉकनीचा संघ अजिंक्य राहिला. कारखान्यांत राबणाऱ्या कॅथलिक कुटुंबांना तो विजय आपल्या घरचा वाटला.

२० नोव्हेंबर १९२५ रोजी रॉकनीने कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. पंधरा वर्षे तो त्या परिसरात वावरला होता. प्रवेशासाठी किंवा नोकरीसाठी ती अट नव्हती. ३१ मार्च १९३१ रोजी कॅन्ससमध्ये विमान कोसळून तो आणि इतर सात जण मृत्यू पावले. विमानाचा लाकडी पंख तुटला होता. या अपघातानंतर विमानांची तपासणी अधिक कडक झाली.

आपल्याकडेही याच जातीचे एक उदाहरण आहे. गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा प्राचार्य बाळासाहेब खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकून ७००० रुपये दिले. खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

वाचकहो, रॉकनीची जिद्द आपण सांगतो, ते योग्यच आहे. पण त्याला प्रवेश देणारे, काम देणारे आणि शिकवणारे हात विसरले, तर हा इतिहास अर्धाच राहतो. कबनूर-इचलकरंजीच्या यंत्रमागांवर आज दूरदूरच्या प्रांतांतून कुटुंबे येतात. त्यांची मुले आपल्या गल्लीत मराठी शिकतात आणि आपल्याच मुलांबरोबर खेळतात. आपल्या शाळेच्या वर्गात आणि संघात त्यांना जागा आहे काय, हे आपल्या हाती आहे.