मुक्त स्रोत फ्रेमवर्कची परिपक्वता : ‘जँगो’चा ऐतिहासिक आढावा (२००३ ते २०२०)

प्रस्तावना :
मुक्त स्रोत संगणकप्रणालीची परिपक्वता सामान्यतः तिच्यातील सोयींच्या संख्येवरून मोजली जाते. प्रस्तुत लेखात संकेतस्थळ-निर्मितीसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘जँगो’ या फ्रेमवर्कच्या आधारे निराळे मत मांडले आहे. वापरकर्त्यांना दिलेला शब्द पाळणे आणि निर्माते बाजूला झाल्यावरही टिकून राहणे, या दोन कसोट्या अधिक महत्त्वाच्या होत.

१. उगम :
अमेरिकेतील कॅन्सस राज्यात ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या संकेतस्थळ विभागात एड्रियन होलोवाटी व सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये पायथन भाषेत या कामास प्रारंभ केला. बातमीच्या मुदतीत नवे विभाग उभे करणे ही तेथील निकड होती. पत्रकारांना मजकूर भरता यावा यासाठी डेटाबेसच्या रचनेवरून व्यवस्थापन-पृष्ठे आपोआप तयार होण्याची सोय त्यातूनच आली. गिटारवादक जँगो राइनहार्ट यांचे नाव धारण करून हे फ्रेमवर्क जुलै २००५ मध्ये बीएसडी परवान्याखाली सर्वांना खुले झाले.

२. स्थैर्याचे अभिवचन :
आरंभीच्या रचनेत अनेक क्रिया पडद्याआड घडत असत. त्यांना विकासकच ‘जादू’ म्हणत. २००६ मध्ये ही जादू काढून टाकण्यात आली. त्यामुळे जुने प्रोग्राम बदलावे लागले, परंतु रचना सुबोध झाली. ३ सप्टेंबर २००८ रोजी १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. १.० साठी लिहिलेले प्रोग्राम पुढील १.x आवृत्त्यांतही चालावेत, असे धोरण तिच्यासोबत जाहीर झाले. म्हणजेच मनाला येईल तसे बदल करण्याचे स्वातंत्र्य विकासकांनी स्वखुशीने मर्यादित केले.

३. व्यक्तीकडून संस्थेकडे :
जून २००८ मध्ये जँगो सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना झाली व मालकी हक्क वृत्तपत्राकडून या संस्थेकडे आले. होलोवाटी आणि जेकब कॅप्लन-मॉस हे अंतिम निर्णयाचा अधिकार असलेले प्रमुख २०१४ च्या प्रारंभी त्या पदावरून निवृत्त झाले. त्याच वर्षी देणग्यांच्या बळावर मानधनी ‘फेलो’ची योजना सुरू झाली. दोषांच्या नोंदी तपासणे, दुरुस्त्या पारखणे, सुरक्षाविषयक कामे पाहणे ही कष्टाची, परंतु अप्रसिद्ध कामे केवळ स्वयंसेवकांवर सोडणे धोक्याचे होते. २०२० मध्ये स्थायी मूळ गट विसर्जित करून मर्यादित भूमिका व निवडून आलेले तांत्रिक मंडळ अशी व्यवस्था स्वीकारण्यात आली.

निष्कर्ष :
जँगोच्या वाटचालीत तांत्रिक प्रगतीइतकेच महत्त्व संस्थात्मक शिस्तीला आहे. परवान्याने प्रणाली मुक्त होते. पण तिची नित्य देखभाल कोणी व कोणत्या साधनांनी करावी, हे परवाना सांगत नाही. देणग्यांवरील अवलंबन ही या व्यवस्थेची दुर्बल बाजू आहे. म्हणूनच एखादी मुक्त स्रोत प्रणाली निवडताना तिच्या गुणांबरोबरच तिच्या देखभालीची व्यवस्थाही तपासणे अगत्याचे ठरते.