पडद्यावरचा रंगारी : बाबूराव पेंटर

अंबाजोगाईकरांना लांबरुंद कापडाचे कौतुक सांगण्याचे कारण नाही. दासोपंतांची पासोडी ही याच गावची. आज आम्ही ज्यांच्याविषयी बोलणार आहोत त्यांनीही उमेदीची वर्षे कापडावरच घालवली. पण ते कापड जपावे असे फारसे कोणाला वाटले नाही.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म १८९० साली कोल्हापुरात, कारागिराच्या घरात झाला. नात्याने भाऊ लागणारे आनंदराव आणि ते, दोघे मिळून नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवीत. केशवराव भोसल्यांच्या ‘ललितकलादर्श’चे पडदे त्यांच्याच हातचे. त्यातून ‘पेंटर’ हे आडनावच होऊन बसले. ज्या प्रेक्षकाने जन्मात चित्रप्रदर्शन पाहिले नव्हते, त्याने राजवाडा, अरण्य आणि चांदणी रात्र पाहिली ती या पडद्यांवर. अशा कलेला ‘बाजारी’ म्हणून बाजूस सारण्याची विद्वानांत रीत आहे. आम्हांला ती मान्य नाही.

चालत्या चित्रांचा कॅमेरा आपणच बनवावा, हा दोघांचा ध्यास. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी तो कॅमेरा पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. भांडवलासाठी पाठीशी उभ्या राहिल्या गायिका तानीबाई कागलकर. हे नाव आपल्याकडे अजूनही जरा हळू आवाजात घेतले जाते! १९२० च्या ‘सैरंध्री’तील कीचकवध इतका हुबेहूब वठला की सरकारी परीक्षकांनी त्याला हरकत घेतली, लोकमान्यांनी मात्र बाबूरावांना ‘सिनेमाकेसरी’ ही पदवी दिली. चित्रपटाची रंगीत भित्तिपत्रके ते स्वतः रंगवीत. तिकिटाला पैसे नसलेल्यालाही ती रस्त्यात फुकट पाहायला मिळत.

पुराणातच ते रमले असेही नाही. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये कर्जापायी जमीन गमावून शहरातल्या गिरणीत जाणारा शेतकरी आहे; भूमिका तरुण शांतारामांची. ही कथा मराठवाड्यातील श्रोत्यांना समजावून सांगण्याची गरज आम्हांला वाटत नाही.

१९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम ही मंडळी बाहेर पडली व त्यांनी ‘प्रभात’ काढली. पुढे कंपनी मोडली. बाबूराव १९५४ साली निवर्तले. मूकपट बहुतेक नाहीसे झाले, कारण त्या काळची फीत सहज पेट घेई. ‘कल्याण खजिना’चे १९२४ चे भित्तिपत्रक मात्र टिकले. पासोडीला सांभाळणारे घर मिळाले. पडद्यांना नाटकमंडळीच्या बिऱ्हाडाखेरीज घर नव्हते, आणि मंडळ्याच मोडल्या.