मस्तबा

अरबीत घराबाहेरच्या ओट्याला मस्तबा म्हणतात. 19व्या शतकात ऑग्यूस्त मारिएत या फ्रेंच संशोधकाच्या हाताखाली इजिप्तमधील सक्कारा येथे खोदकाम करणाऱ्या मजुरांना वाळूतून वर आलेली सपाट माथ्याची, उतरत्या भिंतींची थडगी ओट्यासारखी वाटली. त्यांनी दिलेले नाव पुढे पुरातत्त्वात रूढ झाले.

आरंभी मृतदेह वाळूतल्या साध्या खड्ड्यात पुरत. इ.स.पू. 3000च्या सुमारास, पहिल्या राजवंशात, बड्या अधिकाऱ्यांच्या दफनखोलीवर कच्च्या विटांचा मस्तबा उभा राहू लागला. त्याच्या पूर्वेकडील भिंतीतल्या कोनाड्यापुढे मृताला अन्न वाहत. या कोनाड्यातूनच दगडी ‘खोटे दार’ घडले. मृताचा ‘का’, म्हणजे प्राणतत्त्व, त्यातून अन्न घ्यायला येतो, अशी श्रद्धा होती. कोनाड्यात बसवलेल्या शिलापटावर भाकरींच्या चौरंगापुढे बसलेला मृत आणि अर्पण-वस्तूंची यादी कोरत. थडग्यांतल्या पुढच्या चित्रभिंतींचे बीज या पटात आहे. वंशजांनी अन्न वाहणे थांबवले, तरी कोरलेले अन्न ‘का’ला पुरेल, हा त्यामागचा विचार.

हा विचार वाढत गेला, तसे भाकरीमागोमाग शेतही भिंतीवर आले. चौथ्या राजवंशाच्या आरंभी मेदूम येथे नेफरमातच्या थडग्यात आकृती खोल कोरून त्यांत रंगीत लगदा भरला होता. तो सुकून गळे, त्यामुळे ही रीत टिकली नाही. रंगवलेले उठावशिल्प मात्र रुजले. पाचव्या राजवंशातील ‘ती’ नावाच्या अधिकाऱ्याच्या सक्कारा येथील मस्तब्यात पेरणी, नौकाबांधणी आणि पाणघोड्यांची शिकार दिसते. त्याचा पुतळा ‘सर्दाब’ या बंद खोलीत होता आणि भिंतीतल्या फटीतून त्याच्यापर्यंत धूप पोहोचे. सहाव्या राजवंशातील वजीर मेरेरुका याच्या मस्तब्यात तर तीसहून अधिक दालने आहेत.

मध्य राज्याच्या काळात बेनी हसन येथील प्रांताधिकाऱ्यांनी मस्तब्याऐवजी डोंगरात थडगी कोरली. नव्या राज्यात थीब्जचा खडक अनेक ठिकाणी ठिसूळ निघाला. तिथे भिंतींना गिलावा देऊन थेट रंगकाम केले जाई. राजा तिसरा थुतमोस याचा वजीर रेखमिरे याच्या थडग्यात विटा पाडणारे मजूर आणि नजराणे आणणारे परदेशी लोक रंगवले आहेत. रामेसेस राजांच्या काळात मात्र शेत आणि शिकार मागे पडून भिंतींवर देवता व परलोक यांची चित्रे वाढली.